पक्षाघात टाळणे बव्हंशी आपल्याच हाती

परभणी : ‘अंगावरून वारे गेले’ असे परभणी जिल्ह्यात पक्षाघाताविषयी आजही म्हटले जाते. वारे कधीही येते, त्याला इलाज नाही, असा समज या शब्दांत दडलेला आहे. प्रत्यक्षात मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडल्याने किंवा फुटल्याने पक्षाघात होतो. झटका अचानक येत असला, तरी त्याची पूर्वतयारी शरीरात बहुधा अनेक वर्षे चाललेली असते.

भारतासह ३२ देशांतील ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा संबंध बदलता येण्याजोग्या १० घटकांशी असल्याचे त्यात दिसून आले. उच्च रक्तदाब त्यात अग्रस्थानी आहे. तंबाखू, मधुमेह, व्यायामाचा अभाव, पोटाचा वाढलेला घेर, मद्यपान व मानसिक ताण ही अन्य काही कारणे होत.

उच्च रक्तदाब सहसा कोणतेही लक्षण दाखवत नाही. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ म्हणून तपासणी टाळणे धोक्याचे ठरते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधाने तो आटोक्यात आला, म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

आहारात पहिला बदल मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा कमी मीठ पुरेसे आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ यांसारखे ज्वारीचे वाण दिले. तंतुमय ज्वारीची भाकरी आरोग्यास हितकरच. परंतु तिच्या जोडीला येणारा खारट ठेचा, लोणचे, पापड आणि संध्याकाळचे फरसाण यांतून मीठ नकळत वाढते. भाकरी कायम ठेवून मिठाला आवर घालावा.

आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. उन्हाळ्यात त्यासाठी पहाटेची वेळ निवडावी. विडी-सिगारेटप्रमाणेच मळलेली तंबाखू आणि गुटखाही सोडावा.

एवढे करूनही चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात लुळा पडला वा बोलणे अडखळू लागले, तर मालीश किंवा झाडपाल्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे सुरू झाल्याची वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पुढील उपचार त्यावरच ठरतात.