मूळ धंदा आणि जोडधंदा

आमचा एक जुना विद्यार्थी दिवाळीत भेटीस आला. वडिलांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील मोठा भाग अमेरिकेतील एखाद्या चिप-कंपनीच्या शेअरांत गुंतवावा, असे त्याच्या मनात होते. ‘‘सर, या कंपन्या आता केवळ प्रोसेसरवर अवलंबून नाहीत, त्यांनी अनेक धंदे जोडले आहेत. मग पैसा सुरक्षितच नाही का?’’ आम्ही मराठीचे शिक्षक, अर्थशास्त्री नव्हे. परंतु प्रश्न एका कुटुंबाच्या पुंजीचा होता, म्हणून या कंपन्यांचा इतिहास चाळला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तो घडविण्याचा अद्ययावत कारखाना उभारावयाचा तर हजारो कोटी रुपये लागतात, आणि संगणकांची विक्री मंदावली की तोच कारखाना गळ्यातील धोंड होतो. एका आडावर विसंबू नये, म्हणून संचालक जोडधंदा शोधतात. भागधारकांसही त्यामुळे भविष्याची शाश्वती वाटते.

गंमत अशी, की इंटेलचा प्रोसेसर हाच मुळात जोडधंदा होता. रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी 1968 साली काढलेली ही कंपनी आरंभी स्मृती-चिपा बनवी. बिझीकॉम या जपानी गणनयंत्र-कंपनीच्या मागणीतून 1971 साली तिचा 4004 हा प्रोसेसर जन्मास आला. पुढे जपानी स्पर्धेपुढे स्मृती-चिपांत टिकाव लागेना, तेव्हा 1985 साली मूर व अँडी ग्रोव्ह यांनी तो मूळ धंदाच सोडला आणि प्रोसेसरच्या बळावर कंपनी वैभवास चढली.

त्यानंतरची जोड मात्र तितकी लाभली नाही. 2011 साली मॅकॅफी 768 कोटी डॉलरांस, 2015 साली अल्टेरा 1,670 कोटींस व 2017 साली मोबिलआय 1,530 कोटींस घेतली. मॅकॅफीमधील बहुतांश हिस्सा 2017 सालीच विकला. अल्टेराचा 51 टक्के हिस्सा 2025 साली विकताना तिचे मोल खरेदीच्या जेमतेम निम्मे ठरले. दरम्यान मूळ कारखान्याची प्रगती वर्षानुवर्षे रखडली आणि तैवानची टीएसएमसी पुढे गेली. 2024 साली इंटेलने लाभांश थांबविला. त्याच वर्षी डाऊ जोन्स निर्देशांकातील तिची जागा एन्व्हिडियाने घेतली. एक ना धड, भाराभर चिंध्या!

एन्व्हिडियाची वाट निराळी. 1993 साली स्थापन झालेली ही कंपनी खेळांतील चित्रे रेखाटणाऱ्या चिपा करी. तीच चिप शास्त्रीय गणितांसही वापरता यावी, म्हणून 2006 साली तिने ‘कूडा’ ही प्रणाली जाहीर केली. त्याचे फळ दिसण्यास अनेक वर्षे लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग आले आणि 2023 साली तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरांपलीकडे गेले. येथे जोड मूळ कसबातूनच फुटली होती.

तिसरे उदाहरण एएमडीचे. 2006 साली तिने चित्र-चिपांची एटीआय ही कंपनी सुमारे 540 कोटी डॉलरांस घेतली आणि ती कर्जात रुतली. तथापि त्याच विद्येमुळे 2013 साली प्लेस्टेशन व एक्सबॉक्स या खेळयंत्रांचे काम तिला मिळाले. 2017 साली नवे प्रोसेसर येईपर्यंत घर त्यावर तगले. पण मधल्या काळात, 2015 साली, शेअर दोन डॉलरांखाली उतरला होता. तेवढा धीर किती भागधारकांना धरवला असेल?

यावरून आम्हांस असे वाटते, की धंदे किती हे मोजण्यात अर्थ नाही. नवा धंदा आपल्याच कसबातून निघाला आहे काय, त्यासाठी अवाच्या सवा मोल दिले आहे काय, आणि त्यापायी मूळ धंद्याकडे दुर्लक्ष होत आहे काय, एवढे पाहावे. शिवाय भविष्याची आशा शेअरच्या भावात आधीच मिसळलेली असते. उत्तम कंपनी महाग भावाने घेतली तरी नुकसान होऊ शकते.

हे सर्व सांगून झाल्यावर आम्ही त्यास विचारले, ‘‘वडिलांशी बोललास?’’ तो खाली पाहू लागला. ज्यांनी हा पैसा पस्तीस वर्षे नोकरी करून जोडला, त्यांना ठाऊकच नव्हते. आम्ही म्हणालो, ‘‘मग आधी घरी जा. गमावला तरी ज्यांची भाकर अडणार नाही, असा तुझा स्वतःचा पैसा असेल तेवढाच या वाटेला लाव. वडिलांचा पैसा कोठे ठेवावा, हे त्यांना ठरवू दे.’’