सीताफळाच्या पेशीपासून कर्करोगाच्या गाठीपर्यंत

मृगाचा पाऊस पडला की नांदुऱ्याच्या काळ्या रानात सरकी टोबली जाते. आठवड्याभरात कोंब वर येतो आणि दसऱ्यापर्यंत पऱ्हाटी कमरेला लागते. ही वाढ होते तरी कशी? एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार, चारांच्या आठ. पीक असो, वासरू असो की आपले मूल, सर्वांची वाढ अशीच होते.

फुटण्याआधी पेशी आपल्यातील गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार करते आणि दोन्ही पेशींना सारखा वाटा देते. भावाभावांच्या वाटणीत बांधावरून तंटा होतो. इथे वाटणी काटेकोर. देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत ५२, तर माणसात ४६.

या विषयाचा ध्यास घेतला डॉ. कमल रणदिवे यांनी. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण कमलताईंनी जीवशास्त्रच निवडले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या कर्करोगाच्या संशोधनाकडे वळल्या. १९४९ साली डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत गेल्या आणि शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची विद्या शिकून आल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्यासाठी देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

निरोगी पेशीला कधी थांबावे ते कळते. कर्करोगाची पेशी थांबतच नाही. शेतात तण माजावे तशी ती वाढते आणि शेजारच्या पेशींचे पोषण ओढून घेते. तण पहिल्या निंदणीतच काढले तर पीक वाचते. या रोगाचेही तसेच आहे. लवकर कळला तर उपचाराला यश येण्याची आशा अधिक.

म्हणून भगिनींनो, छातीत गाठ लागली तर दुखत नाही म्हणून लपवू नका. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडातील चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर सरकारी दवाखाना गाठावा. हा रोग शिवल्याने होत नाही, तेव्हा लाज कसली? कपाशीची वेचणी चार दिवस मागे पडली तरी चालेल, तपासणी मात्र मागे टाकू नका.