स्नेहमेळाव्याची वाट वेरूळकडे

माजी वर्गमित्रांचे स्नेहमेळावे सहलीच्या रूपाने भरतात तेव्हा वेरूळ विशेष सोयीचे ठरते, कारण येथे बौद्ध, हिंदू व जैन अशी 34 लेणी एकाच डोंगरकड्यात कोरलेली आहेत. त्यांतील सोळावे, म्हणजे कैलास लेणे, आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले मानले जाते. एकसंध खडक वरून खाली कोरत गेल्याने येथे खरोखरच आधी कळस आणि मग पाया घडला, आणि शाळेत पाठ केलेली ही माहिती साठीत पडताळताना गुडघ्यांचीही परीक्षा होते. जवळच अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग, म्हणजे शिवाच्या बारा प्रमुख स्थानांपैकी एक, आहे. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात.