मालकाने सोडले, गिऱ्हाइकांनी सांभाळले

डिसेंबर १९९८ मध्ये, नाताळच्या खरेदीच्या ऐन दिवसांत, अमेरिकेतील दुकानांत एक जाडजूड खोके विक्रीस आले. खोक्यात संगणकावर खेळावयाच्या एका खेळाची तबकडी होती आणि तिच्या जोडीला पाचशेहून अधिक पानांचे, फाइलसारखे बांधलेले एक पुस्तक होते. खेळाचे नाव ‘फाल्कन ४.०’ आणि कंपनीचे नाव मायक्रोप्रोज. खेळण्यासोबत एवढे मोठे पुस्तक कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. ते पुस्तक एफ-१६ या लढाऊ विमानाचे होते. कोणते बटण कशाचे, रडार कसे वाचावे, शत्रूचे विमान पाठीमागे लागले तर काय करावे, हे सारे त्यात क्रमवार सांगितले होते. घेणाऱ्याने आधी अभ्यास करावा, मग उड्डाण करावे, अशी ती योजना होती.

वर्षभराने मालकाने या खेळाचे काम बंद केले. आज पंचवीसहून अधिक वर्षे लोटली, तरी खेळ जिवंत आहे आणि मूळ मालापेक्षा कितीतरी सुधारला आहे. हे काम पगारी नोकरांनी केले नाही, गिऱ्हाइकांनी केले. मालकी, माप आणि विश्वास हे व्यापारी घरांचे नित्याचे विषय या हकिकतीत पदोपदी येतात, म्हणून ती जाणून घेण्यासारखी आहे.

सिम्युलेटर म्हणजे खऱ्या यंत्राचे संगणकावरील अनुकरण. साध्या खेळात कळ दाबली की विमान उडते. येथे तसे नाही. आधी विद्युतपुरवठा सुरू करावयाचा, मग इंजिनाला फिरवणारे छोटे स्टार्टर इंजिन लावावयाचे, मुख्य इंजिनाचे फेरे सुमारे वीस टक्क्यांवर पोचले की थ्रॉटल पुढे सरकवावयाचा. त्यानंतर दिशादर्शक यंत्रणेला आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत हे उमगेपर्यंत सुमारे आठ मिनिटे थांबावयाचे. नवशिक्याची पहिली संध्याकाळ बहुधा जमिनीवरच सरते. या शौकिनांना त्याचा कंटाळा येत नाही, कारण अशा बारकाव्यांतच त्यांना गोडी वाटते.

या बारकाव्यांचे मूळही पाहण्यासारखे आहे. एफ-१६ हे विमान मुद्दाम किंचित अस्थिर बनवलेले आहे. त्यामुळे ते चपळ होते. त्याचा तोल मात्र संगणक क्षणोक्षणी सावरीत असतो. वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेले, तर ते पोट खाली करून पानासारखे पडू लागते आणि दांडा पुढे रेटूनही नाक खाली येत नाही. अशा वेळी वैमानिकाने एक विशिष्ट कळ दाबून धरावयाची आणि रुतलेली गाडी मागेपुढे हलवून काढतात तसे विमानाचे नाक वर-खाली झुलवून सुटका करून घ्यावयाची. अमेरिकेच्या ‘नासा’ने वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांच्या आकड्यांवर आधारलेला या वर्तनाचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. असे आकडे खुले असल्यामुळेच घरच्या संगणकावरील विमान खऱ्याच्या इतके जवळ जाऊ शकले.

फाल्कनचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील युद्ध. ते कोरियाच्या द्वीपकल्पावर घडते आणि खेळणारा उडो वा न उडो, ते चालूच राहते. एखाद्याने दुकान उघडले नाही म्हणून बाजार थांबत नाही, तसेच हे आहे. पूल पडला की रसद अडते, रसद अडली की आघाडी मागे सरते. पुढे काय होणार हे कोणी लिहून ठेवलेले नसते. हजारो तुकड्यांच्या हालचालींतून ते घडत जाते. परंतु एवढा गुंतागुंतीचा माल सणाच्या मुहूर्तावर बाजारात उतरवण्याच्या घाईत कच्चा राहिला. खेळ अधूनमधून बंद पडे, युद्धाचा हिशेब चुके. कंपनीने दुरुस्त्या पाठवल्या. पण मायक्रोप्रोज तोवर हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीच्या ताब्यात गेली होती आणि डिसेंबर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्या कचेरीत फाल्कन घडला, ती बंद करण्यात आली. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकांच्या हाती अर्धवट दुरुस्त माल राहिला आणि तक्रार नेण्यास दारच उरले नाही.

एप्रिल २००० मध्ये या खेळाचा सोर्स कोड इंटरनेटवर आला. सोर्स कोड म्हणजे काय, हे हलवायाच्या उदाहरणाने समजेल. गिऱ्हाइकाला मिठाई मिळते. तिची कृती आणि प्रमाण मात्र भटारखान्याबाहेर जात नाही. मिठाई पाहून कृती ओळखणे जवळजवळ अशक्य. येथे कृतीच कोणीतरी रस्त्यावर आणून ठेवली. मालकाने तशी परवानगी दिलेली नव्हती. मालक कुलूप लावून निघून गेला म्हणून दुकानातील चोपडी उचलण्याचा हक्क कोणास मिळतो काय? सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि पुढे जे चांगले घडले त्याने हे उत्तर बदलत नाही. मात्र त्या चोपडीचे काय केले गेले, हेही तितकेच पाहिले पाहिजे. कारण हाती आलेल्या वस्तूचा उपयोग माणूस कसा करतो, यावरही त्याची पारख होते.

तयार खेळात गिऱ्हाइकांनी केलेल्या फेरबदलास ‘मॉड’ म्हणतात. काही मॉड वरवरचे असतात: विमानाचा रंग, नवे नकाशे, नवे आवाज. काही मात्र खेळाच्या गाभ्यालाच हात घालतात. फाल्कनच्या बाबतीत जगभरातील हौशी मंडळींचे निरनिराळे गट उभे राहिले. त्यांत सुपरपॅक, फ्रीफाल्कन आणि बेंचमार्क सिम्स ही नावे पुढे प्रसिद्धीस आली. कोणी दिवसा नोकरी करून रात्री इंजिनाचे गणित सुधारीत बसे, कोणी रडारचे. गटांत मतभेद झाले, फाटाफूट झाली. एकत्र कुटुंबाच्या पेढीत होते ते सारे येथेही झाले. तरी काम थांबले नाही. २०११ मध्ये बेंचमार्क सिम्सची ४.३२ ही आवृत्ती आली, तेव्हा १९९८ चा खेळ तिच्यात ओळखूही येऊ नये इतका बदलला होता.

या गटाने एक अट घातली आणि ती आजतागायत पाळली. त्यांचा मॉड विनामूल्य आहे. परंतु तो संगणकावर बसवताना मूळ फाल्कन ४.० ची अधिकृत प्रत असल्याची खात्री केली जाते. प्रत नसेल तर काम पुढे सरकत नाही. जुना खेळ ऑनलाइन दुकानांत आजही अल्प किमतीत मिळतो, म्हणून ही अट कोणास जड जाऊ नये. तिने दोन गोष्टी साधल्या. मूळ हक्कदाराच्या मालाची विक्री चालू राहिली आणि वर्षानुवर्षे राबणाऱ्यांवर दुसऱ्याच्या मालावर धंदा केल्याचा ठपका येण्यास जागा उरली नाही. आरंभीचा दोष याने पुसला गेला असे म्हणता येणार नाही. पण ज्याचे देणे होते त्याची आठवण खात्यावर राहिली. परवाना घेऊन चालण्याचा मार्गही होताच. लीड पर्सूट या कंपनीने त्या वेळच्या हक्कदाराशी रीतसर करार करून २००५ मध्ये ‘अलाइड फोर्स’ या नावाने दुरुस्त फाल्कन विक्रीस आणला होता.

दुसरे उदाहरण मॉस्कोचे आहे. ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूने २००१ मध्ये ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ हा दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा सिम्युलेटर काढला. पुढे त्यात शेकडो विमानांची भर पडली. या खेळाच्या फाइली मुद्दाम कुलूपबंद ठेवल्या होत्या. त्यामागे कारण होते. देशोदेशीचे खेळाडू इंटरनेटवरून समोरासमोर लढत. प्रत्येकाचे विमान एकाच मापाने मोजलेले असल्याखेरीज त्या लढतीला अर्थ नव्हता. २००७ मध्ये हे कुलूप तोडले गेले. आधी इंजिनांचे आवाज सुधारले, मग नवी विमाने आली, नवे प्रदेश आले. पुष्कळांना आनंद झाला. परंतु ज्या वाटेने सुंदर आवाज आत आला, त्याच वाटेने स्वतःच्या इंजिनाची ताकद गुपचूप वाढवणेही शक्य झाले. आपल्याकडे याला ‘मापात पाप’ म्हणतात. समोरचा हरला तो कौशल्याने की खोट्या वजनाने, हे कळेनासे झाले आणि शौकिनांत तट पडले.

उपाय निघाला तो बाजारपेठेच्या परिचयाचाच होता. काही ठिकाणी बिनबदलाचीच प्रत चालेल असा नियम झाला. काही ठिकाणी सर्वांनी एकच मॉडसंच वापरावा असे ठरले आणि खेळात शिरणाऱ्याच्या फाइली तपासल्या जाऊ लागल्या. पुढे ‘टीम डायडॅलस’ या स्वयंसेवकांच्या चमूने मूळ निर्मात्यांच्या संमतीने अधिकृत सुधारणा प्रसिद्ध केल्या. काम हौशी लोकांचेच, पण त्यावर शिक्का मालकाचा. तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का असला की दोन्ही बाजूंना घासाघीस करावी लागत नाही, तसा त्याचा उपयोग झाला.

अचूकतेच्या हौसेला आणखी एक कुंपण आहे, ते कायद्याचे. २०१९ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्याच्या संघीय न्यायालयात सिम्युलेटरच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका रशियन नागरिकावर खटला चालला. एफ-१६ च्या माहितीपुस्तिका त्याने ऑनलाइन लिलावातून मिळवून अमेरिकेबाहेर नेण्याचा घाट घातला, असा आरोप होता. त्याने गुन्हा कबूल केला. कोठडीत काढलेला काळ शिक्षेत धरून त्याची सुटका झाली. पुस्तिका उघड बाजारात विकत मिळत होत्या, ही गोष्ट त्याला तारू शकली नाही. परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वस्तू विकत घेता येणे वेगळे आणि ती सीमेपार नेण्याचा परवाना असणे वेगळे.

म्हणूनच कितीही हुबेहूब वाटला, तरी असा खेळ काही ठिकाणी अंदाजावरच चालतो. रडारला चकवण्याच्या युक्त्या, क्षेपणास्त्रांची नेमकी ताकद हे आकडे गुप्त असतात. प्रामाणिक मॉडकार तेथे उपलब्ध माहितीवरून बेताचा तर्क करतो आणि हा तर्क आहे हे मान्य करतो.

यापेक्षा मोठी उणीव मात्र आकड्यांची नाही. खऱ्या विमानात तीव्र वळण घेताना वैमानिकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या नऊपट भार येऊ शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते; घरच्या खुर्चीत ते होत नाही. फार तर पडदा काळवंडतो. विमान पडले तर माउसच्या एका टिचकीने दुसरे मिळते. खाली पडलेला पूल नकाशावरील एक खूण असते. त्या पुलावर कोण होते हे कोणतीही आवृत्ती सांगत नाही. कोरियात १९५० ते १९५३ या काळात खरोखर युद्ध झाले, लाखो माणसे गेली, आणि १९५३ मध्ये झाला तो केवळ युद्धविराम. शांततेचा तह अद्याप झालेला नाही. ज्या सोल शहरावरून खेळातील विमान गर्जत जाते, तेथे आज खरी माणसे त्याच सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर दुकाने उघडून बसली आहेत.

घरातील मुलगा रात्री उशिरापर्यंत अशा विमानात बसलेला दिसला, तर त्याचा संगणक बंद करण्याआधी वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून दोन प्रश्न विचारावेत: यात खरे काय आहे, आणि यात काय वगळले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो उत्साहाने देईल. त्यातून त्याची चिकाटी, वाचन आणि यंत्राची समज किती वाढली हे कळेल. दुसऱ्या प्रश्नाशी तो थबकला, तर बोलणे तेथून पुढे न्यावे. नुसत्या मनाईने हे बोलणे होत नाही आणि नुसत्या कौतुकानेही होत नाही.

फाल्कनचे हक्क दरम्यान अनेक हातांतून फिरले. २०२३ मध्ये ते मायक्रोप्रोज या जुन्याच नावाने नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीकडे आले. मधल्या काळात मालकांची नावे बदलली, कचेऱ्या उघडल्या आणि मिटल्या. रात्रीची जागरणे करून इंजिनाचे गणित सुधारणाऱ्यांचे काम मात्र चालू राहिले. त्यांची नवीन आवृत्ती आजही कोणासही फुकट घेता येते. फक्त ती संगणकावर बसवू लागले की पहिली विचारणा तीच होते, मूळ प्रत कोठे आहे?