निष्पर्ण, पण जिवंत

मांजरसुंब्याच्या घाटात उन्हाळ्यात झाडे वाळल्यासारखी दिसतात. बालाघाटचे हे रान शुष्क पानझडी आहे. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून झाड पानेच गाळते आणि पावसाळ्यात पुन्हा वाढते. सागाच्या खोडात अशा वाढीची कडी उमटतात. विषुववृत्तावरच्या सदाहरित जंगलात पाऊस बारमाही, तिथे ती सहसा स्पष्ट नसतात. सैबेरियातले सूचिपर्णी वृक्ष छोट्याशा उन्हाळ्यातच वाढतात.

पळस, सीताफळ तोडले तरी बुंध्यातून फुटतात. मात्र वणव्याने, चराईने दरवर्षी कोवळा फुटवा गेला तर मूळही थकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच झाडांचे. सरपणासाठी कुऱ्हाड उचलण्याआधी साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे.