मुलांचे अवधान आणि मोबाईलवरील खेळ

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो आणि मुलांना "मन लावून अभ्यास करा" असे सांगतो. पण मन लावायचे कसे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. अवधान ही सरावाने येणारी गोष्ट आहे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली. पुढे शाळा पुन्हा भरल्या, तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटला नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव (ता. कडेगाव) या गावाने २०२२ साली यावर उपाय योजला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद करायचे आणि साडेआठपर्यंत अभ्यास, वाचन व आपसांत बोलणे. हा नियम लहानांबरोबर थोरांनाही लागू होता, हे विशेष.

मग मोबाईलवरचा खेळ हा शत्रूच समजायचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. मात्र एक भेद ओळखला पाहिजे. लक्ष खेचले जाणे वेगळे आणि लक्ष देणे वेगळे. तासन्‌तास गेममध्ये गुंतलेले मूल पाहून "याची एकाग्रता मोठी" असे पालकांना वाटते. वस्तुतः तेथे रंग, आवाज आणि क्षणोक्षणी मिळणारी बक्षिसे मुलाला धरून ठेवतात. पुस्तक कोणाला धरून ठेवीत नाही. तेथे मुलालाच आपले मन धरावे लागते. जो खेळ हे दुसरे काम करवून घेतो, तोच उपयोगाचा.

याचे उदाहरण आपल्या सांगलीतच आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने मुलामुलींच्या पिढ्या पटासमोर बसविल्या. स्वाती घाटे यांच्यासारख्या महिला ग्रँडमास्टर (डब्ल्यूजीएम) खेळाडू याच मातीतल्या. आज लिचेससारख्या संकेतस्थळावर हाच खेळ जाहिरातीविना व विनामूल्य खेळता येतो. परंतु तेथेही एका मिनिटाचा डाव केवळ बोटे पळवितो, तर पंधरा-पंधरा मिनिटांचा डाव थांबायला, प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखायला आणि मोह आवरायला शिकवितो. मोबाईल तोच, खेळ तोच. फरक गतीचा आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात 'टेनॅसिटी' नावाचा खेळ तयार झाला. त्यात मुलांनी पडद्यावर बोट टेकवीत पाच-पाचच्या क्रमाने आपले श्वास मोजायचे असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ मुलांपैकी काहींनी दोन आठवडे हा खेळ खेळला आणि काहींनी फळे कापण्याचा. श्वास मोजणाऱ्या गटात मेंदूच्या अवधानाशी निगडित भागांच्या परस्परसंबंधांत बदल आढळले आणि त्या बदलांचा संबंध खेळाबाहेरच्या अवधान-चाचणीतील सुधारणेशी दिसून आला. आनापान जाणणाऱ्यांस यात नवल वाटणार नाही. श्वास तर प्रत्येकाजवळ आहे. त्यासाठी यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

पालकांनी एवढे करावे :

१) पैसे लावून खेळायचे खेळ घरात येऊ देऊ नयेत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी आहे.

२) दिवसाला एकच संथ डाव खेळू द्यावा व शेजारी बसून "ही चाल का केलीस?" असे विचारावे.

३) डाव संपताच मोबाईल दूर ठेवून मुलाने डोळे मिटून वीस श्वास मोजावेत. मोजणी चुकली तर न रागावता पुन्हा एकपासून सुरुवात करावी.

४) त्यानंतर मूल किती मिनिटे न उठता वाचते, ते आठवडाभर वहीत लिहावे.

खरी कसोटी या वहीतच आहे. खेळातील गुण वाढले आणि वाचनाची मिनिटे तेवढीच राहिली, तर मूल फक्त खेळात तरबेज झाले, असे समजून खेळ थांबवावा. मिनिटे वाढू लागली, तर खेळाने आपले काम केले.

विद्यार्थी मित्रांनो, ही वही तुम्ही स्वतःच ठेवा. आणि थोरांनो, मूल पुस्तक उघडून बसले असता आपल्या हातात काय आहे, याकडेही एकदा लक्ष द्या.