रोल गेला, निगेटिव्ह राहिली : मोबाइलच्या काळातही फिल्म का टिकून आहे?

नागपूर ग्रामीण (प्रतिनिधी) :

पंचवीस-तीस वर्षांआधी लग्नातला फोटोग्राफर रोल मोजून आणायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. अंतरपाट, सप्तपदी, पंगत, पाठवणी, सारं त्यातच बसवायचं. आता एका हळदीत मोबाइलवर पाचशे फोटो निघतात अन् मोबाइल पाण्यात पडला की पाचशेही जातात. मग तो रोल खरंच संपला का?

तर नाही. आपल्या तालुक्याच्या दुकानांतून तो गेला, पण जगात त्याचे कारखाने सुरू आहेत. आणि आपल्या घरांमध्ये तो निगेटिव्हच्या रूपानं ट्रंकेत, माळ्यावर पडून आहे. तो का टिकला आणि आपल्या कामाचा का आहे, हे समजून घेऊ.

फिल्म म्हणजे काय?

प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्या कणांत बदल होतो. डेव्हलपरमध्ये टाकलं की उजेड लागलेल्या जागी काळी चांदी तयार होते आणि उरलेले कण फिक्सर काढून टाकतो. म्हणून नवरदेवाचा पांढरा सदरा निगेटिव्हवर काळा दिसतो. रंगीत रोलमध्ये धुताना चांदी निघून जाते, फक्त रंग उरतात. त्यामुळे रंगीत निगेटिव्ह लवकर फिकी पडते, तर ब्लॅक अँड व्हाइट नीट ठेवली तर शंभर वर्षंही टिकते.

आजही काही हौशी लोक रोल घरीच धुतात. ब्लॅक अँड व्हाइटसाठी पाणी साधारण २० अंशांवर लागतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्याला हात लावता येत नाही, म्हणजे बर्फाशिवाय हे काम होतच नाही. ज्यांना जमत नाही त्यांना रोल कुरिअरनं मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावा लागतो.

कारखाने कसे वाचले?

गंमत अशी की डिजिटल कॅमेरा पहिल्यांदा बनवला तो कोडकच्याच इंजिनिअरनं, १९७५ साली. त्याच कोडकवर जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. इंग्लंडची इल्फर्ड त्याआधीच अडचणीत आली होती. २००५ मध्ये तिथल्याच काही व्यवस्थापकांनी फिल्मचं काम हाती घेऊन चालू ठेवलं. आपल्या देशाचा सरकारी कारखाना, उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स, १९६० मध्ये स्थापन झाला होता. 'इंदू' नावाचा त्याचा माल अनेकांना आठवत असेल. तो मात्र वाचला नाही.

फिल्मचं मशीन जिनिंगसारखं असतं. कापूस कमी आला की जिनिंग चालवणं परवडत नाही, तसंच थोड्या रोलसाठी ते मशीन फिरवणं परवडत नाही. कोडकचं मशीन फिरत राहिलं, त्यात सिनेमाचा मोठा वाटा आहे. हॉलिवूडच्या काही दिग्दर्शकांनी फिल्मचा आग्रह धरला आणि २०१५ मध्ये मोठ्या स्टुडिओंनी कोडककडून फिल्म घेत राहण्याचे करार केले. २०२३ च्या 'ओपनहायमर'साठी तर कोडकनं खास ब्लॅक अँड व्हाइट फिल्म बनवली. मशीन सुरू राहिल्याचा फायदा साध्या फोटोच्या रोललाही झाला. २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आली. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं नवा कोरा रोलचा कॅमेरा काढला. तो एका फोटोच्या जागेत दोन घेतो, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२. रोल महाग झालाय, म्हणून हा हिशेब.

डिजिटलवाल्यांचाही भरोसा फिल्मवर

२०२० मध्ये गिटहब या कंपनीनं जगभरातल्या खुल्या सॉफ्टवेअरचा साठा नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, एका जुन्या कोळसा खाणीत ठेवला. कशावर? फिल्मच्या १८६ रिळांवर. कारण सरळ आहे. हार्डडिस्क बिघडते, पेनड्राइव्ह मरतो, फाइलचा प्रकार बदलला की उघडत नाही. फिल्मला उजेड आणि भिंग पुरतं.

पण फिल्म जपली नाही तर तीही जाते. देशात तेराशेच्या आसपास मूकपट बनले, त्यातले जेमतेम तीस उरले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चीही (१९१३) काहीच रिळं शिल्लक आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) तर पूर्णच गेला. कितीतरी रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली.

आपल्याकडे काय पणाला लागलंय?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे जे फोटो आज नागपुरात घरोघरी दिसतात, ते फिल्मवरचेच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण नामदेव व्हटकरांनी केलं, तेही फिल्मवर. कुणीतरी जपलं म्हणून ते आपल्याला दिसतं.

तसंच गावाचं आहे. आज्याचा एकुलता एक फोटो, जुनी विहीर, पाडलेली शाळा, पोळ्याची बैलजोडी, हे सारं कुठल्या तरी निगेटिव्हवर आहे. तालुक्याचा स्टुडिओ बंद झाला की ती पाकिटं भंगारात जातात. फोटो हे पीक आहे, निगेटिव्ह हे बियाणं. बियाणं जवळ असलं तर पीक पुन्हा घेता येतं.

घरी एवढं करा

– निगेटिव्ह टिनाच्या छताखाली किंवा माळ्यावर ठेवू नका. आतल्या खोलीतलं कपाट बरं. पावसाळ्यात ओल लागू देऊ नका, बुरशी धरते.
– पट्टी कडेनं धरा, बोटाचे ठसे पडू देऊ नका. कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा अन् पाकिटावर गाव, साल, नावं लिहा.
– व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म सडायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिची नक्कल आधी करा.
– नक्कल करायला लॅपटॉपचा पांढरा पडदा पूर्ण उजेडात ठेवा, मध्ये दुधी प्लास्टिक धरून त्यावर पट्टी ठेवा. मोबाइलनं फोटो काढून अॅपमध्ये रंग उलटा करा. ब्लॅक अँड व्हाइट लगेच जमते, रंगीतला थोडी मेहनत लागते.
– नक्कल झाली म्हणून मूळ निगेटिव्ह फेकू नका.

दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होतोच. तेव्हा ते जुनं पाकीट भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहा. अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कोण आहे. ते सांगणारं माणूस गेलं की निगेटिव्ह असूनही नाव परत मिळत नाही.